वाऱ्यात उडालेला टोप : 'सुपरमॅन २'मध्ये हसू आणि नाट्य यांचा मेळ कुठे बसला, कुठे सुटला

मेट्रोपोलिस या सुपरमॅनच्या काल्पनिक शहरात रस्त्यावर रात्री मारामारी चालली आहे. सुपरमॅनच्याच ग्रहावरून आलेले, त्याच्याइतकेच बलवान तीन खलनायक माणसांनी भरलेली बस उचलतात आणि सुपरमॅनवर भिरकावतात. आतल्या माणसांना वाचवायच्या नादात तो बसच्या धडकेत सापडतो आणि दिसेनासा होतो. लोकांना वाटतं, संपला. आणि मग ज्यांच्याकडे ना उडण्याची शक्ती ना अंगात पोलादी बळ, अशी साधी माणसं चिडून त्या तिघांवर चालून जातात. सबंध चित्रपटात यापेक्षा मोठा क्षण मला दुसरा दिसत नाही.

खलनायक नुसती फुंकर मारतात. वादळ सुटतं. एकाचा केसांचा टोप उडतो. आइस्क्रीमचा गोळा कोनावरून निघून थेट तोंडावर बसतो. सार्वजनिक फोनच्या खोक्यात एक माणूस बोलतोय. वाऱ्याने खोकं आडवं होतं, तरी तो हसत हसत बोलतच राहतो.

पडद्यावर हे दोन प्रसंग एकाला एक लागून येतात. आत्ता जीव द्यायला निघालेली माणसं दुसऱ्या क्षणाला गमतीच्या वस्तू होतात. सुपरहिरोच्या दुसऱ्या भागात विनोद किती असावा यावर नेहमी वाद होतो, पण तो प्रमाणावर होतो. या प्रकरणात मला प्रमाणाचा प्रश्न दिसत नाही. कोणावर हसायचं आणि कोणत्या क्षणाला, हा खरा प्रश्न आहे.

अभ्यासाला हे प्रकरण घेण्याचं कारण सरळ आहे. कथा एक, नट तेच, पण दिग्दर्शक दोन, आणि आज दोघांच्याही हातची आवृत्ती उपलब्ध आहे. दोन्ही शेजारीशेजारी लावून प्रसंगामागून प्रसंग पाहता येतात. पटकथा लिहिणाऱ्याला अशी तुलना क्वचितच मिळते.

पार्श्वभूमी

अलेक्झांडर आणि इल्या सॉल्काइंड हे बापलेक निर्माते, सोबत पिएर स्पेंगलर. एका दमात दोन चित्रपट काढायची या मंडळींना सवय होती. १९७३ आणि १९७४ साली आलेले मस्केटियर्सचे दोन चित्रपट त्यांनी एकाच चित्रीकरणातून काढले, आणि आपण एकाच चित्रपटासाठी सही केली होती असं म्हणत नट चिडले. तेव्हापासून हॉलिवूडच्या नटांच्या करारात एक जास्तीचं कलम आलं आणि त्याला सॉल्काइंड यांचंच नाव पडलं. त्या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक होते रिचर्ड लेस्टर. ते पुढे या गोष्टीत परत येतात.

सुपरमॅनचेही दोन भाग एकदमच करायचं ठरलं. मारिओ पुझो यांनी कथा लिहिली, मग रॉबर्ट बेंटन आणि डेव्हिड व लेस्ली न्यूमन यांनी तिच्यावर हात फिरवला. तो मसुदा बराच थिल्लर झाला होता. त्यात सुपरमॅन आपला वैरी लेक्स ल्यूथर समजून एका टकलू माणसाला पकडतो आणि तो निघतो टीव्हीवरचा गुप्तहेर कोजॅक, तोंडात लॉलीपॉप धरलेला, असा एक प्रसंग होता. आधी गाय हॅमिल्टन दिग्दर्शन करणार होते. चित्रीकरण इटलीतून इंग्लंडला हललं आणि करांच्या अडचणीमुळे हॅमिल्टन यांना तिथे राहून काम करणं जमेना. मग १९७६ साली भयपटाने नाव झालेले रिचर्ड डॉनर आले.

डॉनर यांनी टॉम मॅन्किविझ यांना बोलावून पटकथा जवळजवळ नव्याने लिहून घेतली. त्यांनी एकच शब्द धरून ठेवला होता आणि तो कार्यालयात लिहून लावला होता. आपल्या समीक्षेत त्याला 'सत्याभास' म्हणतात: माणूस उडतो ही एक अशक्य गोष्ट एकदा मान्य केली की बाकीचं सगळं खरं वाटलं पाहिजे.

यातून डॉनर म्हणजे गंभीर आणि लेस्टर म्हणजे विनोदी, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. डॉनर यांच्या चित्रपटातही भरपूर हसू आहे. ल्यूथरचा बावळट चेला ओटिस आहे, मिस टेशमाकर आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे क्लार्क केंट, चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करणारं सुपरमॅनचं लपलेलं रूप.

पहिल्या भागातला एक प्रसंग इथे जवळून पाहायला हवा, कारण दुसऱ्या भागाचा पाया तोच आहे. सुपरमॅन क्लार्कसोबत वर्तमानपत्रात काम करणाऱ्या लोइसला आकाशात फिरवून आणतो आणि गच्चीवरून उडून जातो. लगेच दारावर टकटक होते आणि क्लार्क आत येतो. लोइस अजून तंद्रीत आहे. कोट घ्यायला ती आतल्या खोलीत जाते. मागे एकटा उरलेला क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो. खांदे मागे जातात, पाठ ताठ होते, मान वर येते, आवाज खाली उतरतो. आता तो तिला सांगणार. तेवढ्यात तिची चाहूल लागते, चष्मा परत नाकावर बसतो, खांदे पडतात, आवाज चिरका होतो. ना ट्रिक फोटोग्राफी, ना कट. एका नटाच्या पाठीच्या कण्यावर सगळा खेळ.

क्लार्क अडखळतो, चष्मा सावरतो, दारात अडकतो तेव्हा आपण हसतो. पण तो अडखळतो कारण तो लपलेला आहे, आणि लपलेला आहे म्हणूनच त्याला प्रेम करता येत नाही. इथे विनोद आणि दुःख यांचं मूळ एकच आहे. हे एकदा ध्यानात आलं की पुढचे सगळे निर्णय वेगळे दिसू लागतात.

अडचण

चित्रीकरण २८ मार्च १९७७ रोजी सुरू झालं. दोन्ही भागांचे प्रसंग मिसळून घेतले जात होते. वेळ आणि पैसा हाताबाहेर जाऊ लागले, डॉनर आणि निर्माते यांचं बोलणं तुटायच्या बेताला आलं. दोघांमधला दुवा म्हणून सॉल्काइंड यांनी लेस्टर यांना आणलं. वर्ष संपायच्या आत दुसरा भाग बाजूला ठेवून आधी पहिला पुरा करायचं ठरलं. तोवर दुसऱ्या भागाचं बरंच काम झालं होतं. डॉनर यांच्या बाजूने तीन चतुर्थांश असं सांगितलं जातं.

इथेच एक निर्णय झाला, ज्याची किंमत पुढे मोजावी लागली. सुपरमॅन पृथ्वीभोवती फिरून काळ उलटा करतो, हा शेवट खरं तर दुसऱ्या भागासाठी राखलेला होता. पहिल्या भागाला जोरकस शेवट हवा म्हणून तो तिकडे वापरला गेला, आणि दुसरा भाग शेवटाविना राहिला.

पहिला भाग डिसेंबर १९७८मध्ये आला आणि जोरात चालला. एकट्या अमेरिकेत त्याने १३ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. डॉनर यांनी जाहीरपणे सांगितलं की स्पेंगलर असतील तर मी नसेन. मार्च १९७९मध्ये त्यांना कळवण्यात आलं की आता तुमची गरज नाही.

मागे उरला तो डबाबंद फिल्मचा ढीग आणि अर्धी कथा. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ १९७८ साली वारले होते. त्यांचा मऊ, धुरकट, दंतकथेसारखा उजेड आता मिळणार नव्हता. ल्यूथर करणारे जीन हॅकमन डॉनर यांच्याशिवाय परत यायला तयार नव्हते. पहिल्या भागाचे संकलक स्टुअर्ट बेअर्डही परतले नाहीत. जॉन विल्यम्स यांच्या सुरावटींवरून केन थॉर्न यांनी संगीत बांधलं.

आणि ब्रँडो. सुपरमॅनचा बाप जोर-एल ही भूमिका मार्लन ब्रँडो यांची. थोड्याच दिवसांच्या कामाचे ३७ लाख डॉलर आणि वर उत्पन्नात वाटा, असा त्यांचा करार होता. वाट्यावरून ते कोर्टात गेले. त्यांना दुसऱ्या भागात दाखवलं तर तिथेही वाटा द्यावा लागणार होता.

समोरचे पर्याय

डॉनर यांना परत बोलावणं, हा पहिला. सूर एक राहिला असता आणि हॅकमनही आले असते. पण दोन्ही बाजूंचे अहंकार आणि हिशेब इतके ताणले गेले होते की हा पर्याय कागदावरच राहिला.

दुसरा, तयार असलेल्या चित्रणाला हात न लावता उरलेले तुकडे त्याच सुरात दुसऱ्या कुणाकडून घेणं. हे स्वस्त पडलं असतं. मात्र नव्या दिग्दर्शकाला स्वतःची ओळख पुसून दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहायला बसावं लागलं असतं. शिवाय दिग्दर्शक म्हणून नाव लावायचं तर चित्रपटाचा ठरावीक हिस्सा स्वतः घेतलेला असावा लागतो. नियमच असा असेल तर झालेलं कामही पुन्हा करायचा मोह होतो, कथेला त्याची गरज असो वा नसो.

तिसरा पर्याय म्हणजे नवा दिग्दर्शक, नवीन प्रसंग, आणि जुन्यातलं सोयीचं तेवढं ठेवणं. निर्मात्यांनी हा घेतला. आधी हॅमिल्टन यांना विचारलं, ते मोकळे नव्हते. मग लेस्टर.

लेस्टर यांच्याबद्दल इथे आदराने बोललं पाहिजे. १९६४ साली बीटल्सना घेऊन त्यांनी केलेला चित्रपट आजही ताजा वाटतो. कॅमेऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात काहीतरी गमतीचं चालू ठेवणं ही त्यांची खासियत. मस्केटियर्सच्या चित्रपटांत पुढे सरदार तलवारी परजत असतात आणि मागे राबणारी नोकरमाणसं पुटपुटत असतात. तिथे ती गंमत नेमकी बसते, कारण मागची माणसं पुढच्या बड्यांच्या मूर्खपणाबद्दल बोलत असतात. आपल्या तमाशातला सोंगाड्या वगात राजाची फिरकी घेतो, तसंच काहीसं. हसू खालून वर जातं.

मेट्रोपोलिसच्या रस्त्यावर ही रचना उलटी होते. तिथे मागची माणसंच कथेचा जीव आहेत. खलनायकांना सुपरमॅनचं मर्म सापडतं ते हेच, की याला या पृथ्वीवरच्या माणसांची काळजी आहे. म्हणून तर ते बस फेकतात. ज्या माणसांसाठी नायक मार खातोय त्यांनाच गमतीची केलं, तर तो कशासाठी मार खातोय?

काय केलं गेलं

लेस्टर यांनी नवी सुरुवात दिली: पॅरिसमध्ये आयफेल टॉवरवर हायड्रोजन बॉम्ब घेऊन बसलेले दहशतवादी, लिफ्टखाली लपून वर निघालेली लोइस. तो बॉम्ब अवकाशात फुटतो आणि खलनायकांची कैद तुटते. प्रसंग चुरचुरीत आहे. लोइसचा आगाऊपणा हसवतो आणि तोच तिला संकटात घालतो. इथे तक्रारीला जागा नाही.

नायगाराचा भागही मला आवडतो. क्लार्कच सुपरमॅन आहे हे सिद्ध करायला लोइस खळाळत्या पाण्यात उडी घेते. क्लार्क काठावर धडपडतो, ओरडतो, आणि तिला कळणार नाही अशा बेताने डोळ्यांतल्या उष्णतेने फांदी तोडून तिच्या हाताशी पाडतो. डॉनर यांच्या आवृत्तीत याच जागी लोइस वर्तमानपत्राच्या कचेरीच्या खिडकीतून खाली उडी टाकते, क्लार्क गुपचूप तिचा वेग कमी करतो आणि ती दुकानापुढच्या कापडी छतावरून फळांच्या गाडीवर पडते. दोन्हींचा सांगाडा एकच. दोन्हींत हसू आहे, आणि दोन्हींत ते लपण्यातूनच येतं.

मग येतो गुपित फुटण्याचा प्रसंग. या प्रकरणातली सगळ्यात शिकवणारी तुलना तीच आहे.

डॉनर यांची कल्पना अशी: हॉटेलच्या खोलीत लोइस पिस्तूल काढते आणि क्लार्कवर सरळ गोळी झाडते. तो सरळ उभा राहतो, चष्मा काढतो आणि तिला सुनावतो की तुझा अंदाज चुकला असता तर क्लार्क मेला असता. ती शांतपणे सांगते की काडतूस फुसकं होतं. झकास पेच आहे. हशा खात्रीने मिळतो. पण तो जिंकण्याचा हशा आहे: लोइसने डाव टाकला, तो हरला.

लेस्टर यांच्या चित्रपटात नायगाराच्या हॉटेलात नवविवाहितांसाठी सजवलेली गुलाबी खोली आहे. क्लार्क जमिनीवरच्या गालिच्यात अडखळतो, जसा तो नेहमीच अडखळतो, आणि हात शेकोटीत जातो. प्रेक्षक हसायच्या बेतात असतो. लोइस धावत येऊन त्याचा हात पाहते. हात भाजलेला नाही. ती वर बघते. तो उठतो, आणि पाठ ताठ होते. कसं काय पडलो कळत नाही, असं तो म्हणतो. ती म्हणते, कदाचित तुला मनातून सांगायचंच असेल.

इथे लेस्टर जिंकले, असं मी मनापासून म्हणेन. ज्या अडखळण्यावर आपण दीड चित्रपटभर हसलो, त्याच अडखळण्याने त्याचं गुपित उघडं पडतं. विनोद नाट्यात बदलत नाही, तो नाट्यच होता हे आपल्याला उमगतं. विनोदी दिग्दर्शक आल्यामुळे चित्रपट बिघडला, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

आता उलटी बाजू. ब्रँडो यांना काढून टाकलं. त्यांच्या जागी आईच्या भूमिकेत सुझाना यॉर्क यांना घेऊन काही प्रसंग नव्याने केले. सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, आणि ते विनोदाच्या चर्चेत कधी येतच नाही. मूळ रचनेत मुलगा प्रेमासाठी शक्ती सोडून देतो, माणूस म्हणून एका खानावळीत मार खातो, ओठावरचं स्वतःचं रक्त पहिल्यांदा पाहतो, आणि हरलेला बर्फातल्या आपल्या गुप्त गडाकडे परत येतो. तिथे बाप आपल्यात उरलेली शेवटची शक्ती त्याला देऊन कायमचा विझतो. १९८०च्या चित्रपटात मुलगा एकटाच उद्ध्वस्त गडात येतो, हाक मारतो, त्याला एक हिरवा स्फटिक सापडतो. दृश्य बदलतं, आणि पुढे तो शक्तीसह हजर होतो. शक्ती कशी परत आली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पडद्यावर येतच नाही.

वजनाच्या तागडीत एका पारड्यातून एवढा धोंडा काढला की दुसऱ्या पारड्यात काही न टाकताही ते खाली जातं. १९८०चा चित्रपट जास्त हलका वाटतो, त्याचं निम्मं कारण हेच आहे, असं माझं मत आहे. टोप आणि आइस्क्रीम डोळ्यांत भरतात म्हणून दोष त्यांच्या वाट्याला येतो.

गडातल्या शेवटच्या झुंजीत सुपरमॅन छातीवरचं चिन्ह सोलून फेकतो. ते पातळ चकचकीत कागदासारखं पसरून एका खलनायकाला गुंडाळतं. सुपरमॅन एकाचा अनेक होतो, नाहीसा होतो, भलतीकडे उगवतो. ऐन वेळी नवी शक्ती काढली की प्रेक्षक क्षणभर हसतो आणि मग घाबरायचं सोडून देतो, कारण याला काहीही जमतं हे त्याला कळून चुकतं. शेवटी क्लार्क लोइसचं चुंबन घेतो आणि तिच्या आठवणी पुसल्या जातात, हेही त्याच जातीचं. शेवट उसना देऊन टाकल्यामुळे पडलेलं ते ठिगळ होतं.

त्याच झुंजीच्या टोकाला मात्र एक सुंदर जागा आहे. ल्यूथर फितुरी करणार हे ओळखून सुपरमॅनने शक्ती काढून घेणारं यंत्र आधीच उलटं फिरवलेलं असतं, त्यामुळे शक्ती जाते ती खलनायकांची. खलनायकांचा म्होरक्या झॉड त्याला गुडघ्यावर बसून हात हातात घ्यायला सांगतो. तो बसतो, हात घेतो, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता तो हात चुरडतो. हाडांचा आवाज आधी ऐकू येतो, मग झॉडचा चेहरा बदलतो. इथे हशा आणि टाळ्या एकदमच येतात.

तशीच दुसरी जागा व्हाइट हाउसमधली. लोकांचे जीव वाचावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष गुडघे टेकतात. त्यांच्या तोंडून देवाचं नाव निघतं, आणि झॉड थंडपणे त्यांची दुरुस्ती करतो, जणू त्यांनी त्याचंच नाव चुकीचं उच्चारलं. टेरेन्स स्टॅम्प यांच्या चेहऱ्यावर गंमत केल्याची एक रेघ नाही. झॉड विनोद करतच नाहीये. आपण हसतो आणि हसताना अंगावर काटा येतो. देशाची मान खाली गेलेली आहे, तरी हा विनोद त्या अपमानाला हलकं करत नाही. आणखी जड करतो.

निकाल

चित्रपट डिसेंबर १९८०मध्ये ऑस्ट्रेलियात आणि जून १९८१मध्ये अमेरिकेत आला. अमेरिकेत त्याने सुमारे १०.८ कोटी डॉलर मिळवले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले. बऱ्याच प्रेक्षकांना दोन दिग्दर्शकांचा सांधा जाणवलाही नाही, आणि याचं मोठं श्रेय रीव्ह यांना जातं. ते दोन्ही हातांखाली एकच माणूस राहिले. हॅकमन यांचा चेहरा दिसतो ते सगळं चित्रण डॉनर यांच्याच वेळचं. उरलेल्या ठिकाणी बदली नट आणि आवाजाची नक्कल करणारा कलाकार वापरला गेला.

खरा निकाल तीन वर्षांनी लागला. दुसरा भाग चालला, तेव्हा लेस्टर यांचा हलका हात चालतो असं मानून तिसऱ्या भागात विनोदवीर रिचर्ड प्रायर यांना आणलं गेलं. १९८३चा तो चित्रपट सुरूच होतो रस्त्यावरच्या गमतींच्या लांबलचक माळेने: एकाचा धक्का दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. मेट्रोपोलिसच्या वाऱ्यात उडालेल्या टोपाचीच ती मोठी भावंडं. अमेरिकेतली कमाई सुमारे ६ कोटींवर आली. प्रायर मोठे कलावंत होते, चूक त्यांची नव्हती. दुसरा भाग कशामुळे चालला याचं निदान चुकलं होतं. तो शेकोटीतल्या हातामुळे चालला आणि श्रेय फोनच्या खोक्याला मिळालं.

२००६च्या नोव्हेंबरमध्ये मायकेल थाऊ यांनी जुनी रिळं शोधून, जुळवून डॉनर यांची आवृत्ती डीव्हीडीवर आणली. ब्रँडो परत आले. वाऱ्यातल्या गमती कापल्या गेल्या. गुपित फुटण्याचा प्रसंग डॉनर यांच्याकडून घ्यायचाच राहून गेला होता, म्हणून रीव्ह आणि लोइस झालेल्या मार्गो किडर यांच्या निवड-चाचणीचं चित्रण तिथे जोडावं लागलं. रीव्ह दोन वर्षांपूर्वीच, २००४मध्ये, गेले होते. त्या चाचणीत ते कोवळे, बारीक, केसांची ठेवण वेगळी असलेले दिसतात, आणि पुढच्याच दृश्यात भरदार. तरीही चष्मा काढताना पाठीचा तोच कणा ताठ होतो. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वाऱ्याचा प्रसंग मी काढून टाकला नसता. मी तो हलवला असता. खलनायक पहिल्यांदा रस्त्यावर उतरतात तेव्हा मेट्रोपोलिसच्या लोकांना हे प्रकरण किती भयंकर आहे याची कल्पना नसते. तिथे टोप उडू द्या, आइस्क्रीम सांडू द्या. हसता हसता शहराची ओळख होईल, चेहरे लक्षात राहतील. पुढे बस कोसळल्यावर तोच टोप उडालेला माणूस हातात काठी घेऊन पुढे सरसावताना दिसला असता, तर प्रेक्षागृहात कोणी हसलं नसतं. वस्तू त्याच, विनोद तोच, नुसती जागा दहा मिनिटं अलीकडे.

आणि गर्दी चालून जाते त्यानंतर मी फुंकरीचा परिणाम दाखवला असता तो माणसं भिंतीवर आदळतात, एकमेकांना धरून राहतात, असा. कारण लगेच सुपरमॅन लढाई सोडून उडून जातो आणि लोक त्याला पळपुटा समजतात. त्यांची ती निराशा खरी वाटायची तर आधी त्यांना खरंखुरं लागलेलं दिसायला हवं.

ब्रँडो यांच्याबाबतीत निर्णय पैशाचा होता, आणि पटकथा लिहिणाऱ्याला निर्मात्याची तिजोरी उघडता येत नाही. पण बाप काढायचाच होता तर आईला तिथे परत आणता आलं असतं. सुझाना यॉर्क होत्याच. मुलगा हाक मारतो तेव्हा आईचा आवाज एकदाच, शेवटचा उमटला असता आणि गडातला उजेड कायमचा गेला असता, तरी किंमत मोजल्याचं दिसलं असतं. नट गेला म्हणून प्रसंगाचं कामही जाऊ द्यायचं, ही मला या प्रकरणातली सगळ्यात टाळता येण्यासारखी चूक वाटते.

डॉनर यांची आवृत्ती तरी बिनचूक आहे का? तिच्या शेवटी पुन्हा काळ उलटा फिरतो. सगळं पुसलं जातं: मारामारी, गुपित, गुडघे टेकलेले राष्ट्राध्यक्ष. खानावळीतला मारही. आणि तरीही दोन्ही आवृत्त्यांत असलेला प्रसंग तिथे येतोच: क्लार्क त्या खानावळीत परततो, ज्या गुंडाने त्याला मारलं होतं त्याला लोळवतो, आणि हल्ली जरा व्यायाम करतोय, असं काहीसं लाजत सांगतो. १९८०च्या चित्रपटात यावर मोठा हशा येतो, कारण त्याच टेबलापाशी त्याचं रक्त सांडलेलं आपण पाहिलेलं असतं आणि त्या गुंडालाही ते आठवत असतं. २००६च्या आवृत्तीत काळ उलटला आहे, म्हणजे त्या गुंडाने अजून त्याला हातही लावलेला नाही. तो बिचारा जेवत बसलेला आहे, आणि दारातून एक चष्मेवाला अनोळखी माणूस त्याच्या दिशेने चालत येतो आहे.